राखुंडीच्या डबीतली वाळू

डबी नेहमीपेक्षा जड लागली — एवढंच आधी जाणवलं, मग झाकण उघडलं, मग बोट आत गेलं आणि राखुंडीचा तो मऊ, पिठासारखा स्पर्श झालाच नाही. खरखरीत लागलं. सिद्धरामने डबी मोरीच्या झरोक्यापाशी नेली. आत वाळू होती. बारीक, पिवळसर, कापडातून चाळून घेतल्यासारखी... आणि मधोमध एक खळगा, बोटाच्या टोकाएवढा, रोज कुणीतरी तिथंच बोट बुडवत असावं असा.

तोंडात घालण्याआधी कळलं हे बरं झालं, असं पहिल्यांदा वाटलं. माणसाला आधी स्वतःच्या हिरड्यांची काळजी. मग वाटलं, कुणी मस्करी केली असेल. पण या घरात मस्करी करणारं एकच माणूस होतं, त्याची मुलगी शिवकांता, आणि तिने मोकळं हसणं सोडून नऊ वर्षं झाली होती. डबी तिचीच होती. त्याची वरच्या फळीवर, तिची खालच्या. पहाटेच्या अर्धवट उजेडात हात चुकला. मग त्याने डबीचं झाकण लावलं, डबी जागेवर ठेवली, पुन्हा उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या खिशात आधीच एक चिठ्ठी होती. त्या दिवशी त्याने दात घासले नाहीत.

वाळू कुठली, हे त्याला विचारावं लागलं नाही. माडीवरच्या टाकीतली. या घराला आणि या गल्लीला ती वाळू देवघरातल्या विभूतीइतकी ओळखीची. बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी — सिद्धरामच्या वडिलांनी, शिवप्पांनी — घरामागे बोअर घेतली. लातूर तेव्हा जिल्ह्याचं गाव नव्हतं, बोअरची गाडी आली की लोक जत्रेला जमावेत तसे जमत. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी लोखंडी पाइपाला हळदकुंकू लावलं होतं आणि आडत दुकानात दिवसभर आवाज चढवून बोलणारे अप्पा चिखलात उभे राहून लहान पोरासारखे रडले होते. पाणी लालसर यायचं. म्हणून मग टाकी. खाली नदीतले गोटे, त्यावर कोळसा, त्यावर हातभर मांजरा नदीची वाळू. बोअरचं पाणी मोटरीने वर चढायचं, टाकीतून गळत गळत खाली उतरायचं आणि मग स्वयंपाकघरात, मोरीत, देवघरात — आणि भिंतीबाहेर गल्लीच्या नळाला. थेंब न् थेंब गाळलेला. आपण पितो तेच गल्लीने प्यायचं, कुणाची जात विचारायची नाही, हा अप्पांचा एकच हट्ट. पुढे जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब लोक राहायला आले, तेव्हा त्यातल्या एकाने मुद्दाम येऊन टाकी पाहिली आणि ‘आदर्श’ असा शब्द वापरला. अप्पांनी तो शब्द महिनाभर पुरवून पुरवून सगळ्यांना सांगितला.

आणि दर अमावस्येला टाकी रिकामी करून वाळू धुवायची. पंधरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. आज अमावस्या होती, रविवार होता, वैशाख होता, नगरपालिकेचं पाणी आठव्या दिवशी येत होतं तेही आता येईनासं झालं होतं, आणि सगळी गल्ली शिवप्पांच्या नळावर जगत होती.

‘‘सिद्रामा, उठलास का? वाळू काढायची हाय बघ आज.’’

‘‘हाव अप्पा.’’

अप्पा देवघरात पाटावर बसले होते. इष्टलिंगाची पूजा करताना लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं आणि मान लववून त्याच्याकडे एकटक पाहायचं — सिद्धरामने लहानपणापासून पाहिलेले अप्पा असे, हनुवटी छातीला टेकलेली. तीन-चार वर्षांपासून मान लवत नव्हती. वळतही नव्हती, कुणी हाक मारली की अप्पा सगळेच्या सगळे वळायचे, दार उघडावं तसे. म्हणून मग त्यांनी हातच वर आणला होता. डोळ्यांसमोर धरलेला तळहात, त्यावर ते काळं लिंग, आणि दंडाला सुटलेला कंप... वय झालं, असं घरात सगळे म्हणायचे. सिद्धरामही म्हणायचा. बावीस दिवसांपूर्वीपर्यंत.

पूजा झाली. अप्पांनी तीर्थ दिलं. सिद्धरामने ओंजळ पुढे केली, प्यायला, ओला हात डोक्यावरून फिरवला. गोड लागलं. हे पाणी गोडच लागतं, सगळी गल्ली सांगते.

बावीस दिवस... जिल्हा झाला म्हणून पाणी तपासायची प्रयोगशाळा आली, आणि नगरपालिकेत आवक-जावक लिहिणारा सिद्धराम तिथं मदतनीस म्हणून गेला. गावोगावच्या बाटल्या यायच्या, गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेल्या. वर्षानुवर्षं तिथं फक्त जंतू बघायचे. स्वतःच्या घरचं पाणी त्याने हौसेने तीनदा तपासून घेतलं होतं आणि तिन्ही वेळा ते इतकं निर्मळ निघालं होतं की त्याने अप्पांना तो कागद वाचून दाखवला होता. मग या वर्षी मुदखेडच्या पंचशीला मॅडम आल्या. वयाने त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आवाज हळू, आणि सोबत एक नवीन तपासणी. पाण्यात एक गुलाबी औषध टाकायचं. पाण्यात फ्लोराइड असेल तर गुलाबी उतरतो, पिवळा येतो. जितकं जास्त तितकं पिवळं. शेजारी ओळीने नमुन्याच्या नळ्या ठेवायच्या आणि रंग जुळवायचा. सिद्धरामने एक बाटली घरून नेली, चिठ्ठीवर काहीच न लिहिता. नाव कशाला, आपलीच तर आहे. तिचा रंग कुठल्याच नळीशी जुळेना. शेवटच्या नळीच्याही पुढे गेला होता.

‘‘सिद्धरामभाऊ, हे कुठलं पाणी हो? चिठ्ठी कोरीच हाय.’’

‘‘लिहितो... नंतर लिहितो, मॅडम.’’

‘‘लिहा लवकर. लई वाईट पाणी हाय हे. दिसाया असं निवळशंख, म्हणून तर लोक पितेत. ह्या पाण्यावर वाढलेल्या लेकरांचे दुधाचे दात पडून नवे येतेत ना, ते हिरडीतूनच डाग घेऊन येतेत. तपकिरी. मग किती बी घासा, जात न्हाईत. आन् म्हाताऱ्या माणसांची मान, पाठ — लाकूड होती.’’

‘‘गाळून घेतलं तर? वाळूतून... कोळशातून?’’

‘‘वाळूला ते धरताच येत न्हाई, भाऊ.’’

‘‘उकळलं तर?’’

‘‘आणखी घट्ट.’’ मग त्यांनी पिंपात चुना आणि तुरटी टाकून, ढवळून, गाळ खाली बसू द्यायची रीत सांगितली, बाटल्या धुता धुता, अगदी साध्या आवाजात, आणि तोवर लहान पोरांना तर ते पाणी देऊच नका म्हणाल्या. कुठलं गाव ते त्यांनी पुन्हा दोनदा विचारलं. नंतर विचारायच्या थांबल्या, नुसत्या बघायच्या. चिठ्ठी सिद्धरामच्या खिशात राहिली. सदरा बदलला की चिठ्ठीही या खिशातून त्या खिशात जायची, एवढं मात्र तो विसरला नाही.

किती बी घासा, जात न्हाईत...

ती नऊ वर्षांची होती. शाळेतल्या उमाबाईंनी सगळ्या वर्गासमोर तिला उभं करून दात दाखवायला लावले आणि घरी निरोप पाठवला की मुलीला दात घासायचं वळण लावा. घरात दुकानची दोन माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर हा निरोप. सिद्धरामने तिला हाताला धरून मोरीत नेलं, राखुंडीत मीठ कालवलं आणि स्वतःच्या बोटाने... पुढच्या दोन दातांवर ते मळकट तपकिरी पट्टे, जाता जाईनात. घासले होते दादा, ती म्हणत होती, तोंडात बोट असल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, घासले होते दादा. लाल पाणी मोरीतून वाहत गेलं. आणि खोटं बोलतेस म्हणून त्याने थोबाडीत मारली. त्याने म्हणजे — मी. ‘त्याने’ म्हणून मोकळं व्हायची सोय इथं नाही. मी मारली. तिची आई नीलम्मा दारात उभी होती, तिने मला थांबवलं नाही आणि त्या दिवसापासून तीही रोज सकाळी पोरीचं तोंड उघडून बघू लागली.

खरं बोलत होती. नऊ वर्षं झाली, ती खरं बोलत होती.

मग हात तोंडावर आला. हसताना, बोलताना, पुढे पुढे नुसतं ऐकतानाही. फाल्गुनात उदगीरचे पाहुणे बघायला आले. सगळं जमलं होतं, मुलाकडच्या मावशीने नाव विचारलं, ‘शिवकांता’ म्हणताना तोंड उघडलं तेवढंच. दोन दिवसांनी मध्यस्थाने विचारलं, पोरगी मिसरी लावती का हो? नीलम्मा चुलीपुढे रडली. कांता रडली नाही. ती त्या संध्याकाळी माडीवर गेली होती, टाकीपाशी, हे सिद्धरामला आज आठवलं. जे पाणी स्वच्छ करतं ते दातही करील — इतका साधा हिशोब. कुणाच्या बापाला सुचला नाही.

दहाच्या सुमाराला टाकी उघडली. सिद्धराम घमेली भरून द्यायचा, नीलम्मा आणि कांता गच्चीवर तीन पातेल्यांत वाळू धुवायच्या. पहिल्या पातेल्यातलं गढूळ पाणी खाली शेळ्यांसाठी जायचं. दुष्काळ होता म्हणून एकच पाणी तीनदा वापरत होते. खाली गल्लीतली धुरपताबाई बादली घेऊन उभीच होती, तिच्या लुगड्याला धरून नात, शेवंता. ऊन वाढत गेलं. कांता वाळू दोन्ही हातांनी चोळायची, पाणी निथळायची, वास घ्यायची, पुन्हा चोळायची. इतकी मन लावून हे काम घरात कुणीच करत नव्हतं. तिच्या बोटांकडे बघत असताना त्याला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, नीलम्मा खाली जाऊ दे. नीलम्मा खाली गेली तेव्हा वाटलं, जेवणं होऊ देत. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवतो... बावीस दिवस तो हेच करत आला होता. आज अप्पांची तब्येत बरी नाही, आज चतुर्थी, आज गल्लीत लग्न.

आणि सांगायचं तरी काय? की अप्पा, ज्या पाण्यासाठी तुम्ही चिखलात रडलात, त्याने तुमची मान धरली, तुमच्या नातीचं तोंड बंद केलं, आणि गल्लीतल्या किती जणांच्या गुडघ्यांत ते बसलंय ते अजून कुणी मोजलेलं नाही? त्यांच्याकडे आता दुसरं काय उरलं होतं? दुकान विकलं, डोळे अधू झाले, सिद्धरामची आई गेली. एक नळ होता. संध्याकाळी तो सोडायला ते अर्धा तास आधीपासून ओट्यावर बसायचे. आणि नळ बंद केला तर गल्लीने या वैशाखात काय प्यायचं, याचं उत्तर पंचशीला मॅडमच्या चुन्या-तुरटीत होतंही आणि नव्हतंही. चाळीस घरांना कोण ढवळून देणार होतं.

दुपारी वाळू जुन्या लुगड्यांवर पसरून झाली. सिद्धराम जिन्याच्या सावलीला बसला होता. कांता उन्हात पसरलेल्या वाळूच्या कडेला बसून मलमलच्या तुकड्यातून मूठभर वाळू चाळत होती, पाठमोरी. मग ती इकडेतिकडे बघू लागली. पदराची गाठ चाचपली. उठून पातेल्याखाली बघितलं.

त्याने खिशातून डबी काढली. ‘‘ही शोधून राहिलीस का?’’

हात तोंडावर गेला.

‘‘सकाळी हात चुकला माझा,’’ तो म्हणाला. ‘‘कांता... ते घासून न्हाई जायचं.’’

‘‘थोडं गेलंय, दादा.’’ हाताआडून, घाईघाईने. ‘‘खरंच. हा बघा, हा इथला.’’

आणि तिने हात काढला. ओठ बोटाने वर ओढून तिने त्याला दात दाखवला. नऊ वर्षांत त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. समोरच्या एका दातावरचा पट्टा फिकट झाला होता, दातच झिजला होता, आणि वरची हिरडी सोलल्यासारखी लाल होती. ती त्याच्याकडे बघत होती. बरं झालंय ना, असं विचारणारे डोळे... त्याला रडू आलं, आणि ते लपवायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

‘‘तू घासले होतेस. तवा बी.’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली. तेवढंच. रागाने नाही, नुसतं, हजेरी द्यावी तसं.

मग त्याने सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर आठवेना. गुलाबी रंग, पिवळा रंग, हिरडीतूनच डागाळून येणारे दात, असं उलटसुलट. ‘‘आपल्या बोअरचं पाणी, कांता. लहानपणी प्यायलीस त्याचं हाय ते. तुझी काई चूक न्हाई.’’

ती टाकीकडे बघत राहिली. ‘‘इतकं गाळून बी?’’

‘‘वाळूला ते धरता येत न्हाई.’’

ती वाळूवरून हात फिरवत होती. सारखी करत होती, उगीच. मग एकाएकी तिने मान वर केली. ‘‘अज्जाची मान?’’

त्याने ते सांगितलं नव्हतं. ‘‘हाव. ती बी,’’ तो म्हणाला.

खालून अप्पांचा आवाज आला, ‘‘सिद्रामा, वाळली का रं वाळू?’’

‘‘वाळून राहिली अप्पा.’’

‘‘दादा,’’ कांता हळूच म्हणाली. ‘‘अज्जाला नका सांगू. त्यांना लई लागंल.’’

हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू — हायसंच वाटलं, उन्हातून आल्यावर कुणी पाणी द्यावं तसं. तीच म्हणाली ना. तिचाच तर हक्क होता, आणि तीच नको म्हणाली... आणि लगेच त्याला स्वतःची किळस आली. अठरा वर्षांची पोर, जिच्या तोंडात त्याने मीठ चोळलं, तिला पंधरा वर्षांच्या पापाचा वाटा तो आत्ताच देऊन बसला होता, आणि तिने तो मुकाट्याने घेतला होता, घरातलं आणखी एक काम घ्यावं तसा.

तिने डबी उघडली आणि आतली वाळू त्या मोठ्या वाळूत उलटी केली. बोटाने तळ पुसून काढला.

चारला त्यांनी टाकी भरली. गोटे, कोळसा, वाळू. कांताने नेहमीसारखीच वाळू तळव्याने सपाट केली, कोपऱ्यांतून दाबली. त्याला वाटलं होतं, आज ती नुसती ओतून टाकेल. मोटर चालू केली. पहिलं गढूळ पाणी सोडून दिलं आणि मग नितळ यायला लागलं, तळाचा गोटा न् गोटा दिसावा असं.

धुतलेल्या वाळूचं पहिलं पाणी रांगेतल्या सगळ्यांत लहान लेकराला द्यायचं, ही अप्पांनीच पाडलेली रीत. गल्लीत हंडे लागले होते, वळणापर्यंत. अप्पा ओट्यावरून उठले, सगळेच्या सगळे नळाकडे वळले, आणि देवघरातला पितळी पेला नळाखाली धरला. पेला भरला. पण लेकराला द्यायला वाकावं लागतं, म्हणून गेली तीन-चार वर्षं ते पेला सिद्धरामच्या हातात देत. तसा दिला.

‘‘शेवंते, पुढं हो,’’ धुरपताबाईने नातीला ढकललं. ‘‘दाखव काकाला. दोन दात पडले बघा हिचे, काल एक, आज सकाळी एक. चिमणीला देऊन आली.’’

शेवंता हसली. तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून, सहा वर्षांचं पोर हसतं तसं. पुढे खिंड होती. खालून कुठंतरी, हिरडीच्या आत, नवे दात यायला निघालेले असणार.

कांता दारात उभी होती. तिचा हात तोंडावर नव्हता. ती शेवंताच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिने सिद्धरामकडे बघितलं. दुपारी नका सांगू म्हणणारे डोळे हेच का, हे त्याला ओळखता येईना.

बावीस दिवस त्याला वाटत होतं, सांगायचं की नाही हे अजून ठरायचं आहे. घाई नाही, चिठ्ठी खिशात आहे, कोरी आहे. दर संध्याकाळी नळ सुटत होता तेव्हा ते ठरतच होतं. हे त्याला आत्ता कळलं, भरलेला पेला हातात असताना, आणि कळल्यावर ते परत न कळल्यासारखं होईना. दुःखाचा एक उपयोग असतो, ते मागचं असतं. माणूस त्याच्यापाशी बसून राहू शकतो. नऊ वर्षांपूर्वीच्या मोरीपाशी तो कितीही वेळ बसून राहिला असता. पण हे पोर पुढे उभं होतं.

‘‘लई गोड पाणी हाय बाबा शिवप्पाचं,’’ रांगेतून कुणीतरी म्हणालं. अप्पांना ते ऐकू गेलं. मान हलवता येत नव्हती, म्हणून ते नुसते हसले.

‘‘दे की रं,’’ अप्पा म्हणाले.

शेवंताने दोन्ही हात पुढे केले. सिद्धरामच्या पाठीमागे नळ चालूच होता, पहिला हंडा भरत आला होता, आणि पेला अजून त्याच्याच हातात होता.